दोन स्वर जोडून बघ

चि. सायलीस,


तुझी मेल मिळाली. दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत मुलांचा रतीब, त्याच ग्रेडच्या परीक्षा, त्याच स्केल्स, तेच तीन पीस, आणि वर पालकांचं ‘डिस्टिंक्शन येईल ना मिस?’. हे सगळं आटोपून रात्री स्वतःचं काही लिहायला बसावं, तर कागद कोरा. ‘शिकवणं सोडलं तर माझ्यातली कंपोझर वाचेल का गं मावशी?’ असं तू विचारलं आहेस.

हो किंवा नाही असं उत्तर मी देणार नाही. तुझं ठाण्याचं घरभाडं मी भरत नाही, तेव्हा तो अधिकारही मला नाही. पण ज्याच्याबद्दल तुला सांगायचं बरेच दिवस मनात होतं, त्या माणसाची गोष्ट सांगायला तुझ्या प्रश्नाने आयतं निमित्त दिलं. त्याचं नाव ग्यॉर्गी कुर्ताग. हंगेरीचा संगीतकार आणि पियानोवादक. कॉलेजात विसाव्या शतकाच्या धड्यात त्याच्यावर एखादा परिच्छेद तू वाचला असशील आणि ‘फार छोट्या रचना करणारा’ एवढंच लक्षात राहिलं असेल. ते खरंच आहे. त्याच्या कितीतरी रचना अर्ध्या-एक मिनिटात संपतात. त्या तेवढ्याच का आहेत, हे मात्र धड्यात येत नाही.

19 फेब्रुवारी 1926 ला त्याचा जन्म झाला, लुगोझ नावाच्या गावात. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख हंगेरीत होता, नंतर रोमानियात गेला. घर ज्यू, बोली हंगेरियन, देश रोमानिया. पियानो त्याला आधी आईने दाखवला. मायलेक एकाच बाकावर बसून चार हातांनी वाजवायचे. पुढे तिमिश्वाराला माग्दा कार्दोश या बाईंकडे तो रीतसर पियानो शिकला. मनात ध्यास एकच, बुडापेस्टला जायचं आणि संगीतकार बेला बार्तोककडे शिकायचं. बार्तोक 1940 मध्येच अमेरिकेला निघून गेला होता, पण युद्ध संपलं की परतेल अशी सगळ्यांना आशा होती. 1945 च्या शरदात कुर्ताग लिस्ट अकादमीच्या प्रवेश परीक्षेसाठी बुडापेस्टला पोहोचला, तेव्हा इमारतीवर काळा झेंडा लागलेला होता. 26 सप्टेंबरला बार्तोक न्यूयॉर्कमध्ये वारला होता.

त्याच परीक्षेला रोमानियातूनच आलेला आणखी एक मुलगा होता, ग्यॉर्गी लिगेती. नावं सारखी, आशा सारखी, धक्काही सारखाच. दोघांची मैत्री जमली ती लिगेती 2006 मध्ये जाईपर्यंत टिकली. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या संगीतात दोघांची नावं अग्रभागी आली. लिगेती मात्र वेगाने आणि वाजतगाजत पुढे गेला, आणि कुर्तागला जगाने ओळखायला पन्नाशी उलटावी लागली. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण तुझ्या मेलमध्ये ‘माझ्या बॅचचे सगळे कुठल्या कुठे पोहोचले’ हे वाक्य आहे.

अकादमीत त्याने पियानो पाल कादोशाकडे केला, रचना शांदोर व्हेरेश आणि फेरेन्स फार्काश यांच्याकडे, आणि चेंबर म्युझिक लेओ वाइनरकडे. 1947 मध्ये मार्ता किन्स्कर या पियानोवादक मुलीशी त्याचं लग्न झालं. मार्ताबद्दल पुढे लिहिते, तिच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. 1951 मध्ये त्याला पियानोची पदविका मिळाली, 1955 मध्ये रचनेची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, पठ्ठ्याचं सगळं मार्गी लागलं. तो काळ स्टालिनवादी राजवटीचा होता. काय लिहावं आणि कसं लिहावं, याचे दंडक वरून ठरत. 1956 मध्ये बंड झालं आणि रशियन रणगाड्यांनी ते चिरडलं. लिगेती सीमा ओलांडून पळाला. कुर्ताग मागे राहिला, पण पुढच्याच वर्षी त्याला पॅरिसला जायची संधी मिळाली. 1957–58 असं वर्षभर तो तिथे होता. मेसियाँ आणि मियो या संगीतकारांच्या वर्गांना बसला.

आणि तिथे तो पार कोसळला. वय एकतीस, बायको आहे, लहान मुलगा आहे, हाताशी दोन पदविका आहेत, पॅरिससारखं शहर आहे, मेसियाँसारखा गुरू आहे, आणि एक ओळ लिहिता येत नाही. आतापर्यंत जे काही लिहिलं ते खोटं आहे, असं त्याला वाटू लागलं. काफ्काच्या गोष्टीतल्या त्या किड्याशी त्याने स्वतःची तुलना केली आहे, इतकी अवस्था वाईट होती.

त्याला सावरलं ते मरियान स्टाइन नावाच्या एका हंगेरियन बाईंनी. त्या मानसशास्त्रज्ञ होत्या आणि कलावंतांबरोबर काम करत. त्यांनी त्याला सिम्फनी लिहायला सांगितली नाही, प्रतिभेवर भाषण दिलं नाही. त्यांचं सांगणं एवढंच, की दोन स्वर घे आणि ते एकमेकांना कसे जोडता येतात ते बघ. त्या काळात कुर्ताग खोलीत बसून काड्यापेटीतल्या काड्यांचे आकार मांडत असे. कोनाकोनांचे, मोडके वाटणारे, पण नीट जमवलेले. सोबत वेबर्नच्या रचना तो हाताने उतरवून काढत होता. वेबर्न म्हणजे थेंबाथेंबाने लिहिणारा माणूस, त्याची अख्खी सिम्फनी दहा मिनिटांत आटोपते. आणि लिगेतीच्या सांगण्यावरून त्याने सॅम्युएल बेकेटचं ‘फाँ द पार्ती’ हे नाटक पॅरिसच्या रंगमंचावर पाहिलं. म्हातारे आईबाप कचऱ्याच्या पिंपात, आंधळा मुलगा खुर्चीला खिळलेला, आणि ज्याला बसता येत नाही असा एक नोकर. नाटक त्याच्या मनात जाऊन बसलं. ते बाहेर यायला एकसष्ट वर्षं लागली, तो किस्सा शेवटी.

1958 मध्ये तो बुडापेस्टला परतला. परतताना वाटेत कोलोनला उतरला, लिगेतीला भेटला, नवं संगीत ऐकलं. हवं तर पश्चिमेतच राहिला असता. घरी येऊन त्याने एक स्ट्रिंग क्वार्टेट लिहिली. सहा छोटी अंगं आहेत तिची, 1959 मध्ये पूर्ण झाली. तिला त्याने ‘ओपस 1’ असा क्रमांक दिला. तेहतिसाव्या वर्षी, दोन पदविकांनंतर, आधीचं सगळं बाजूला सारून एकपासून मोजायला सुरुवात केली. आणि ती रचना अर्पण केली मरियान स्टाइनला. सायली, ही पहिली गोष्ट लक्षात ठेव. ज्या रचनेपासून तो स्वतःला संगीतकार मानतो, तिच्यावरच एका विशिष्ट माणसाचं नाव आहे.

पण एकदा कोंडी फुटली की पुढे पाट वाहतो, असं काही झालं नाही. 1963 ते 1968 अशी पाच वर्षं खर्चून त्याने एक अवाढव्य काम केलं. सोळाव्या शतकातल्या पीटर बोर्नेमिसा या धर्मोपदेशकाच्या वचनांवर, सोप्रानो आणि पियानो यांच्यासाठी. त्याला तो ‘काँचेर्तो’ म्हणतो, आणि त्यातली पियानोची बाजू वाजवणाऱ्याची कसोटी पाहणारी आहे. 1968 मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटला ते पहिल्यांदा सादर झालं आणि कुणी फारशी दखल घेतली नाही. त्यानंतर पुन्हा दुष्काळ. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तो जवळजवळ ठप्प होता. वय पंचेचाळीसच्या पुढे आणि ओपस क्रमांक जेमतेम दहाच्या आसपास.

मग पोट कसं भरत होता? शिकवून. आधी 1960 पासून काही वर्षं सरकारी संगीतसंस्थेत गायक-वादकांचा सराव घेण्याची नोकरी. 1967 पासून लिस्ट अकादमीत, सुरुवातीला आपल्याच गुरूचा, कादोशाचा, मदतनीस म्हणून पियानो आणि नंतर चेंबर म्युझिक. 1986 ला निवृत्त झाला, तरी 1993 पर्यंत वर्ग घेतच होता. आंद्राश शिफ आणि झोल्तान कोचिश हे पियानोवादक त्याच्या हाताखालून गेले. आता गंमत बघ. संगीतरचना हा विषय त्याने अकादमीत कधी शिकवला नाही. जगातला एवढा मोठा रचनाकार आयुष्यभर शिकवत काय राहिला, तर बाख, बेथोव्हेन, बार्तोक कसे वाजवायचे. तासन्‌तास. त्याच्या तालमींच्या कथा प्रसिद्ध आहेत. पहिल्या दोन मापांवरच अख्खा तास जायचा. हा स्वर त्या स्वराकडे का जातो, त्याला कशाची ओढ आहे, तो कुणाला विचारतो आहे की उत्तर देतो आहे, हे पटेपर्यंत पुढे जायचंच नाही. काही वादकांना त्याचा काच झाला, काही जण घायकुतीला आले. तो तालमीला गोड माणूस नव्हता. पण पॅरिसच्या त्या खोलीत मिळालेला धडा, दोन स्वर कसे जोडायचे हा, तो वर्षानुवर्षं वर्गात गिरवत होता. शिकवणं आणि लिहिणं या त्याच्यासाठी दोन वेगळ्या खोल्या नव्हत्याच.

आता तुझ्या प्रश्नाच्या अगदी जवळ येऊ. 1973 मध्ये मरियान तेओके नावाच्या एका पियानो शिक्षिकेने त्याला विचारलं, की मुलांसाठी काही लिहून द्याल का? ही दुसरी मरियान. पहिलीने त्याला मरगळीतून काढलं ते 1957 मध्ये, दुसरीने सोळा वर्षांनी. कुर्तागने मुलांसाठी चिटुकले तुकडे लिहायला घेतले आणि त्याचं स्वतःचंच कुलूप उघडलं. या मालिकेचं नाव ‘यातेकोक’, म्हणजे खेळ. पहिले चार खंड 1979 मध्ये छापून आले आणि नंतरची कितीतरी दशकं तो त्यांत भर घालत राहिला. पुढच्या त्याच्या मोठमोठ्या रचनांची बीजं या खेळांत सापडतात. मोठं काम करता यावं म्हणून मुलांचं काम बाजूला ठेवायचं, असा तुझा हिशोब आहे. त्याच्याकडे तो नेमका उलटा लागला.

त्या पहिल्या खंडात जरा डोकावू, कारण तुझ्या वर्गाला ते थेट उपयोगी आहे.

आपण पियानो कसा सुरू करतो? दोन्ही अंगठे मधल्या सी वर, पाच बोटं पाच पट्ट्यांवर, मनगट हलवायचं नाही. बार्तोकचं ‘मिक्रोकोस्मोस’सुद्धा, 153 तुकड्यांचं ते अजोड काम, पाच बोटांच्या चौकटीतूनच सुरू होतं. कुर्तागने पाहिलं की पियानोपाशी मोकळं सोडलेलं मूल असं करतच नाही. ते पट्ट्यांना गोंजारतं, त्यांच्यावर झडप घालतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात घासत नेतं. मग त्याने सुरुवातच तिथून केली. पहिल्या दिवसापासून अख्खा पियानो, सगळ्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. तळहाताने वाजवायचं, मुठीने वाजवायचं, कोपरापर्यंतच्या हाताने वाजवायचं, आणि त्यासाठी कागदावर ठसठशीत काळे गोळे आणि पट्टे काढून ठेवले. स्वर किती लांबवायचा याच्याही खुणा वेगळ्या, मापांत कोंबलेल्या नाहीत. लांब, आणखी लांब, छोटा, अगदी छोटा. मूल ते बघून ओळखतं, मोजत बसत नाही.

‘प्रेल्यूड आणि वॉल्ट्झ, सी मध्ये’ असा एक तुकडा आहे. नाव वाचून वाटतं, सी मेजरमधला नेहमीचा धडा असेल. प्रत्यक्षात त्यात सी सोडून दुसरा स्वरच नाही. तुझ्या आजोबांच्या भाषेत सांगायचं, तर नुसती पांढरी एक. पियानोवर असे आठ सी आहेत, खालच्या ढोल्यापासून वरच्या टिचकीपर्यंत. त्या आठांवर उड्या मारत वॉल्ट्झ होतो. सूर एकच असल्यामुळे मुलाला चुकायची भीती नाही. पण सूर बदलत नाही म्हटल्यावर उरतं काय? जोर, जागा, वेळ, पेडल, आणि दोन स्वरांमधली शांतता. म्हणजे संगीतातलं जे सगळ्यांत अवघड, ते सात वर्षांच्या पोराच्या हातात पहिल्याच दिवशी.

दुसरा एक तुकडा चायकोव्हस्कीला उद्देशून आहे. त्याच्या पहिल्या पियानो काँचेर्तोची सुरुवात तुला पाठ आहे. ते भरगच्च कॉर्ड, खालून वर झेपावत जाणारे, ज्यांच्यासाठी आपण हाताचे पंजे ताणून ताणून रडकुंडीला येतो. कुर्ताग मुलाला सांगतो, घाल पंजे. नेमके स्वर सोडून दे, दोन्ही तळहात पट्ट्यांवर आपट, पण झेप तीच घे. पोर हसतं, शेजारी दार वाजवतात, आणि ती अवाढव्य हालचाल खांद्यातून येते हे त्या पोराला कुणी न सांगता कळतं. उलट बाजूला मूकनाट्यासारखा एक तुकडा आहे. त्यात पट्ट्यांना नुसतं शिवायचं, आवाज काढायचाच नाही. आणि ‘माणूस म्हणजे फूल’ अशा आशयाच्या नावाचा एक तुकडा आहे, मोजून सात स्वरांचा. हे शब्द त्या पाच वर्षं खपून लिहिलेल्या बोर्नेमिसाच्या रचनेतून आले आहेत. डार्मश्टाटला ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, त्यातलंच एक बी त्याने मुलांच्या पुस्तकात पेरलं. या सात स्वरांकडे तो पुढे आयुष्यभर परत येत राहिला.

आता गोष्टीचा कणा सांगते. पाचव्या खंडापासून या खेळांना उपशीर्षक आहे, ‘रोजनिशीतल्या नोंदी, वैयक्तिक निरोप’. शीर्षकं चाळलीस तर नावंच नावं दिसतात. कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या स्मृतीला, कुणाचे आभार मानायला, कुणाची क्षमा मागायला. मित्र गेला की तो पियानोकडे जातो आणि वीस सेकंदांचा एक निरोप लिहितो. तुम्ही-आम्ही दोन ओळींचं सांत्वनपत्र लिहितो तसाच. त्याच्या मोठ्या रचनांतही हे दिसतं. ज्या रचनेने त्याला जगात नाव मिळवून दिलं, जानेवारी 1981 मध्ये पॅरिसला सादर झालेली सोप्रानो आणि वाद्यमेळाची ती रचना, तिच्या नावातच ‘निरोप’ आहे. एका दिवंगत रशियन बाईचे निरोप, कविता रिम्मा दालोशच्या. तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होत होता. त्यानंतर काफ्काच्या वह्यांतून आणि पत्रांतून वेचलेल्या चाळीस तुकड्यांची ‘काफ्का फ्रॅगमेंट्स’ आली, फक्त एक आवाज आणि एक व्हायोलिन. 1987 मध्ये पुरी झाली. त्यातले काही तुकडे काही सेकंदांचे आहेत, पण सगळे मिळून तासभर श्वास रोखून धरायला लावतात.

म्हणजे बघ, हा माणूस ‘संगीत’ लिहायला बसला की अडकतो. ‘अमक्याला’ लिहायला बसला की सुटतो. माझ्या मते त्याच्या छोट्या रचनांचं रहस्य हेच आहे. निरोप देताना पाल्हाळ लावत नाहीत. ज्याला सांगायचं त्याला आधीची सगळी हकीकत ठाऊक असते. जगाला उद्देशून लिहिणाऱ्याला प्रस्तावना लागते, उपसंहार लागतो, आपण किती शिकलो ते दाखवावं लागतं. कुर्तागला ते नको असतं, कारण समोर एकच माणूस बसलेला असतो.

आणि बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे मार्ता असे. लिहिलेलं प्रत्येक पान आधी तिला वाजवून दाखवायचं. ती म्हणाली ‘नाही’, तर नाही. तिच्या कानावर त्याचा स्वतःपेक्षा जास्त भरवसा होता आणि हे त्याने कधी लपवलं नाही. दोघांचा कार्यक्रम तू जरूर बघ, चित्रफिती उपलब्ध आहेत. मोठ्या सभागृहाच्या रंगमंचावर झळझळीत ग्रँड पियानो ठेवायचा सोडून ते एक साधा अपराइट ठेवत. तुझ्या क्लासमध्ये आहे तसाच, भिंतीला लागून उभा राहणारा. त्याचं सरावाचं पेडल दाबलेलं. ते दाबलं की हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये फेल्टची पट्टी येते आणि आवाज दबतो. तू रात्री शेजाऱ्यांसाठी दाबतेस, ते दोघं श्रोत्यांसमोर दाबत. दोघंही एका बाकावर, पाठ लोकांकडे. ‘खेळ’मधले तुकडे, आणि त्यांच्या अधूनमधून बाखच्या रचना, कुर्तागने चार हातांसाठी बसवलेल्या. बाखच्या ‘आक्तुस त्रागिकुस’ या 106 क्रमांकाच्या कँटाटाची सुरुवात त्यात असते. मुळात ती दोन बासऱ्या आणि दोन गांबांसाठी आहे. इथे नवराबायकोचे हात एकमेकांच्या हातांवरून जातात, कुठला हात कुणाचा ते कळेनासं होतं. 1996 मध्ये त्यांनी हे सगळं ध्वनिमुद्रित केलं, पुढच्या वर्षी ईसीएम कंपनीने तबकडी काढली. मुखपृष्ठावर दोघांचीही नावं आहेत.

तू म्हणशील, मावशी, मला कुठे मार्ता आहे? बरोबर आहे. अशा कथा सांगताना लोक बायकोचा वाटा एका वाक्यात गुंडाळतात आणि पुढे जातात, ते मला पटत नाही. मार्ता स्वतः कसलेली वादक होती. बहात्तर वर्षं तिने दुसऱ्याच्या प्रत्येक स्वराची राखण केली, हे तिचं काम होतं आणि त्याला नाव नाही, ओपस क्रमांक नाही. त्याला नोकरी होती, पगार होता, घरात असा कान होता. तुला यातलं काही आयतं मिळणार नाही, हे मी विसरलेली नाही. शिवाय तुझी तीन ते नऊची मुलं आणि त्याचा अकादमीतला कोचिश, यांतला फरकही मला कळतो. पण ‘खेळ’ कोचिशसाठी लिहिले नव्हते. ते लिहिले होते मरियान तेओकेच्या वर्गातल्या मुलांसाठी, म्हणजे तुझ्याच पोरांसारख्या पोरांसाठी.

आता तो राहिलेला किस्सा. 1957 मध्ये पाहिलेल्या बेकेटच्या नाटकावर ऑपेरा लिहायला त्याने 2010 च्या सुमारास घेतला. त्याआधी एकही ऑपेरा लिहिलेला नाही आणि वय चौऱ्याऐंशी. साल्झबुर्ग महोत्सवाचा प्रमुख अलेक्झांडर परेरा याने ही रचना मागवली होती. ठरलेलं वर्ष उलटलं, ऑपेरा झाला नाही. परेरा साल्झबुर्ग सोडून मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात गेला, तर मागणी सोबत घेऊन गेला. पुन्हा तारखा उलटल्या. दरम्यान बरीच वर्षं फ्रान्समध्ये राहून कुर्ताग दांपत्य 2015 मध्ये बुडापेस्टला परत आलं आणि तिथल्या बुडापेस्ट म्युझिक सेंटरच्या इमारतीतच राहू लागलं. शेवटी 15 नोव्हेंबर 2018 ला ला स्कालामध्ये ‘फाँ द पार्ती’चा पहिला प्रयोग झाला. कुर्ताग तेव्हा ब्याण्णव वर्षांचा होता. प्रकृतीमुळे तो मिलानला जाऊ शकला नाही. दोनेक तासांचा ऑपेरा आहे, नाटकातला जवळपास अर्धा मजकूर घेतलेला, उपशीर्षक ‘प्रवेश आणि स्वगतं’. त्यातही शब्दाशब्दाला चिकटून जाणारे तेच दोन-दोन, तीन-तीन स्वर. सेकंदांचे निरोप लिहिता लिहिता हात तयार झालेला माणूस दोन तासांचं काम पेलू शकतो, हे सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या वर्षी, 17 ऑक्टोबर 2019 ला मार्ता गेली. तो त्यानंतरही लिहीत राहिला.

हे सगळं तुला का लिहिलं? ‘त्यालाही उशिरा यश मिळालं, तुलाही मिळेल’ असं सांगायला नाही. उशिरापर्यंत प्रयत्न करूनही फळ न मिळालेले हजारो असतात, त्यांच्यावर कुणी लिहीत नाही. मला वाटतं, तुझी अडचण वेळेची कमी आणि पत्त्याची जास्त आहे. रात्री दहा वाजता तू ज्या कागदासमोर बसतेस, त्यावर मनातून लिहिलेलं असतं, ‘कॉलेजातले सर, स्पर्धेचे परीक्षक आणि बॅचमधले सगळे यांस’. इतक्या लोकांना एकदम पत्र कोण लिहू शकेल? त्याऐवजी एक नाव घाल. तुझ्या मेलमध्येच एका डावखुऱ्या मुलीचा उल्लेख आहे. स्केल वाजवताना जिचा डावा हात उजव्याच्या पुढे पळतो आणि परीक्षेच्या दृष्टीने जो दोष आहे. त्या पळणाऱ्या डाव्या हातासाठी वीस सेकंदांचं काही लिही, जिथे त्याने पळायचंच आहे. पुढच्या मंगळवारी तिच्याकडून वाजवून घे. जमलं नाही तर त्या पोरीचा चेहरा तुला लगेच सांगेल, परीक्षकापेक्षा खरं सांगेल. तुझी मार्ता कदाचित दुसरीच्या वर्गात असेल.

परीक्षा बंद कर असं मी म्हणत नाही, पालक परीक्षेचे पैसे देतात. पण प्रत्येक तासातली शेवटची पाच मिनिटं परीक्षेला देऊ नकोस. त्यात सी सोडून काही वाजवायचं नाही, किंवा नुसत्या तळहातांनी वाजवायचं, असं काहीही. मुलं काय करतात ते ऐकत राहा आणि जवळ पेन्सिल ठेव.

आणि हो, यादीत माझंही नाव घाल. दिवाळीला फराळ पाठवतेसच, त्याबरोबर यंदा माझ्यासाठी एक तुकडा पाठव. एका पानाहून जास्त नको. माझी बोटं आता कडक झाली आहेत, तेव्हा उड्या जपून घाल. वाजवून बघेन आणि आवडला नाही तर तसं स्पष्ट कळवेन.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मावशी

ता. क. ऐकायला सुरुवात ईसीएमच्या त्या तबकडीपासून कर, मग ‘काफ्का फ्रॅगमेंट्स’, ऑपेरा सगळ्यात शेवटी. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस, अर्धं ऐकूच येणार नाही. चांगले हेडफोन नसतील तर कळव, माझे पडून आहेत, कुरिअरने पाठवते.